टीफेनझेची एकशिक्षकी शाळा

टीफेनझेची एकशिक्षकी शाळा : बर्लिनच्या ईशान्येला, ब्रांडेनबुर्ग प्रांतातल्या टीफेनझे या खेड्यातली प्राथमिक शाळा. १९३३ ते १९३९ या काळात आडोल्फ राइश्वाइन (३ ऑक्टोबर १८९८ – २० ऑक्टोबर १९४४) हे या शाळेचे एकमेव शिक्षक होते. त्यांनी इथे जे शिकवले आणि ज्या रीतीने शिकवले, त्यामुळे या आडबाजूच्या गावाचे नाव शिक्षणशास्त्राच्या इतिहासात राहिले. राइश्वाइन यांची ओळख बहुधा हिटलरविरोधी कटातले हुतात्मे अशी करून दिली जाते. ती खरी आहे, पण अपुरी. दोन महायुद्धांच्या कात्रीत सापडलेला हा माणूस पेशाने आणि पिंडाने मास्तर होता, आणि त्याचे सर्वांत टिकाऊ काम एका वर्गखोलीत झाले.

राइश्वाइन यांचा जन्म लान नदीकाठच्या बाड एम्स या गावी झाला. वडील प्राथमिक शिक्षक. लहानपण हेसनमधल्या ओबर-रोसबाख या खेड्यात गेले. वाढत्या वयात ते ‘वान्डरफोगेल’ या तरुणांच्या चळवळीत रमले. पाठीवर पिशवी टाकून पायी हिंडायचे, रानात चूल मांडायची, रात्री गाणी म्हणायची, असा तिचा शिरस्ता होता. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. लढाई लांबत गेली आणि त्यांच्यावरही रणांगणावर जाण्याची वेळ आली. १९१७ मध्ये पश्चिम आघाडीवर ते जबर जखमी झाले. जखम फुप्फुसाची होती. त्यातून ते वाचले.

युद्धानंतर त्यांनी फ्रँकफुर्ट आणि मारबुर्ग इथे इतिहास, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र यांचा अभ्यास केला. अठराव्या शतकातल्या युरोपच्या कलेवर आणि विचारावर चीनची छाप कशी पडली, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. तो १९२३ मध्ये पुस्तकरूपाने आला आणि दोनच वर्षांनी इंग्रजीतही गेला. विद्यापीठात राहून नाव कमावण्याची वाट अशी मोकळी असताना ते प्रौढशिक्षणाकडे वळले. १९२१ मध्येच त्यांनी टाउनुस डोंगरात कामगार आणि विद्यार्थी यांचे एकत्र शिबिर भरवले होते. पुढे येना इथल्या, प्रौढांसाठी असलेल्या लोकविद्यापीठाची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्साइसच्या भिंगांच्या कारखान्यामुळे येना हे कामगारांचे शहर होते. तिथे त्यांनी तरुण कामगारांसाठी वसतिगृह काढले. दिवसभर कारखान्यात राबलेली मुले संध्याकाळी राज्यकारभार, अर्थकारण आणि जगाचा भूगोल यांवर वाद घालायची, आणि घरकामही सगळ्यांनी वाटून घ्यायचे.

१९२६-२७ मध्ये ते जगाच्या प्रवासाला निघाले. अमेरिका, जपान, चीन, मेक्सिको असा तो फेरा होता. कोळसा, तेल, धातू, कापूस या कच्च्या मालावर कोणाचा ताबा आहे आणि त्यावरून राष्ट्रे कशी एकमेकांच्या अंगावर जातात, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. त्यातून १९२८ मध्ये जगातल्या कच्च्या मालावरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ निघाला. बेकार तरुणांना घेऊन युरोपच्या उत्तर टोकाला लॅपलँडमध्ये केलेल्या खडतर पायपिटीचे वर्णनही त्यांनी रोजनिशीच्या रूपात लिहून ठेवले आहे. हे सारे इथे नोंदवण्याचे कारण एवढेच, की टीफेनझेच्या पोरांसमोर जो मास्तर उभा राहिला त्याने पुस्तकातला भूगोल स्वतःच्या पायांनी तुडवलेला होता.

प्रशियाचे शिक्षणमंत्री कार्ल हाइनरिश बेकर यांच्या हाताखाली काही काळ काम केल्यावर १९३० मध्ये राइश्वाइन हाले इथल्या अध्यापक महाविद्यालयात इतिहास आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. प्राथमिक शिक्षकांना विद्यापीठाच्या तोडीचे शिक्षण मिळावे म्हणून बेकर यांच्या काळात प्रशियात ही महाविद्यालये निघाली होती. हालेला राइश्वाइन यांच्याकडे स्वतःचे एक छोटे विमान होते आणि ते स्वतः ते चालवत. नाझी पक्ष निवडणुकीत मुसंडी मारत असताना, त्याच १९३० सालात ते सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे सभासद झाले.

१९३३ च्या एप्रिलमध्ये नवे सरकार शिक्षकवर्गावर घसरले. ७ एप्रिलच्या कायद्याने ज्यू आणि राजकीयदृष्ट्या नकोशा सरकारी नोकरांना काढण्याची मुभा मिळाली. त्याच महिन्यात राइश्वाइन यांचे प्राध्यापकपद गेले. महिन्याच्या सुरुवातीलाच रोझमारी पाल्लाट यांच्याशी त्यांचे लग्न झाले होते. देश सोडावा का, हा प्रश्न घरात होताच. त्यांनी राहायचे ठरवले आणि खेड्यातली शाळा मागून घेतली. प्राध्यापकाचा प्राथमिक शिक्षक झाला. वरवर पाहता ही पायरी उतरणे होते, पण वडिलांचा पेशा तोच असल्यामुळे त्यात त्यांना कमीपणा वाटण्याचे कारण नव्हते. शरद ऋतूत ते टीफेनझेत दाखल झाले.

शाळा एका खोलीची. सहा ते चौदा वर्षांची तीस-चाळीस मुले, आठ इयत्ता आणि मास्तर एक. आपल्याकडे वाड्यावस्त्यांवर एकशिक्षकी शाळा चालवलेल्या कोणालाही यातली ओढाताण सांगायला नको. एका इयत्तेला गणित घालून द्यायचे तोवर दुसरी गडबड करते, आणि दुसरीला पाठ द्यायला जावे तर पहिलीची पाटी कोरी राहते. राइश्वाइन यांनी ही अडचणच हाताशी धरली. इयत्तांच्या भिंती त्यांनी सैल केल्या आणि वेगवेगळ्या वयांच्या मुलांचे गट केले. मोठ्यांनी धाकट्यांना शिकवायचे आणि शिकवता शिकवता स्वतःचे पक्के करायचे. अशा मिश्र वयाच्या गटांचा प्रयोग येनाला पीटर पेटरसन यांनी आधीच चालवला होता आणि राइश्वाइन तो ओळखून होते. घरात जशी थोरली भावंडे धाकट्यांना सांभाळतात तसेच हे नाते होते.

वर्षाचे दोन भाग असत. उन्हाळ्यात निसर्ग, हिवाळ्यात माणूस आणि त्याच्या हातून घडलेल्या वस्तू. प्रत्येक भागात मुले काही प्रत्यक्ष कामे हाती घेत आणि वाचन, लेखन, हिशेब, चित्रकला, विज्ञान हे विषय त्या कामांच्या ओघात येत. तासाची घंटा झाली की भाषा बंद आणि गणित सुरू, हा प्रकार बराचसा मागे पडला.

त्यांतले एक काम म्हणजे रोपांसाठी काचेचे उबदार घर. मुलांनी ते शाळेपाशी स्वतः बांधले. असे घर उभारायचे म्हणजे आधी जागा मोजावी लागते, किती माती उपसायची याचा अंदाज बांधावा लागतो. उत्तरेकडच्या देशात हिवाळ्यातले ऊन अगदी तिरपे येते, तेव्हा काचा कोणत्या बाजूला तोंड करून आणि किती कलत्या बसवायच्या हे ठरवावे लागते. इथे कोनमापकाचा उपयोग फळ्यावर सांगावा लागत नाही, कारण कोन चुकला तर रोप थंडीने काळे पडणार असते. ऊन काचेतून आत येते पण ऊब बाहेर का जात नाही, हा प्रश्न मुलांच्याच तोंडून निघतो. मग तापमानाच्या नोंदी, बियाणे रुजायला लागलेल्या दिवसांच्या नोंदी, त्यांचे तक्ते. राइश्वाइन यांच्या पद्धतीचे मर्म इथे दिसते. गावाला उपयोगी पडेल अशी खरी वस्तू करायची, आणि ती नीट उतरेपर्यंत सोडायचे नाही. हस्तव्यवसायाच्या तासाला वेळ काढण्यासाठी केलेली कागदी फुले यात बसत नाहीत.

मधमाश्यांचेही तसेच. काचेतून आत पाहता येईल अशी पेटी शाळेत आली आणि मुले पोळ्याचे रोजचे कामकाज निरखू लागली. याशिवाय विणकाम, लाकूडकाम, बाहुल्यांचे खेळ आणि गाणेबजावणे होतेच. मोठ्या मुलांना घेऊन ते दूरवरच्या सहलींनाही जात. पूर्व प्रशियाच्या सहलीत खेड्यातली पोरे आपल्या जिल्ह्याबाहेरचा मुलूख पाहून आली. तिथली घरे, छपरे, शेते, बाजार यांची टिपणे आणि चित्रे मुलांनीच करायची असत.

चित्रपटाच्या वापरात टीफेनझे आपल्या काळाच्या पुढे होते. १९३४ मध्ये शैक्षणिक चित्रपटांसाठी जर्मनीत सरकारी संस्था स्थापन झाली आणि शाळांना १६ मि.मी.च्या छोट्या मूकफिती मिळू लागल्या. या संस्थेच्या फिती वर्गात पारखून पाहण्याचे काम राइश्वाइन यांनी घेतले. पडद्यावर काहीतरी हलते आहे म्हणून मुले गप्प बसतात, एवढ्यावर समाधान मानणारे ते नव्हते. कुंभाराची फीत दाखवायची तर आधी मुलांचे हात चिखलात गेलेले असले पाहिजेत, म्हणजे कुंभाराच्या अंगठ्याची हालचाल डोळ्यांना दिसते. मग फीत पुन्हा दाखवायची, थांबून बोलायचे, आणि परत मातीकडे जायचे. चित्र पाहणे हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे, आणि जो नीट पाहायला शिकतो त्याला पडद्यावरून फसवणे अवघड जाते, हा विचार प्रचारपटांच्या त्या दशकात मोलाचा होता. आज प्रत्येक वर्गात पडदा आणि प्रोजेक्टर आलेला असताना तो पुन्हा वाचण्याजोगा आहे.

या अनुभवांवर राइश्वाइन यांनी दोन पुस्तके लिहिली. ‘शाफेन्डेस शूलफोल्क’ (१९३७) हे टीफेनझेच्या कामाचे मुख्य निवेदन आहे. शाळेतली मुले म्हणजे निर्मिती करणारा एक छोटा समाज, असा त्याच्या शीर्षकाचा आशय. ‘फिल्म इन डेर लांडशूल’ (१९३८) हे खेड्यातल्या शाळेतील चित्रपटांविषयी आहे.

पहिल्या पुस्तकावर गेल्या काही दशकांत बराच वाद झाला आहे. ते हिटलरच्या राज्यात उघडपणे छापले गेले आणि त्यात ‘फोल्क’ (लोक, राष्ट्र) यासारखे त्या राजवटीचे लाडके शब्द आहेत, वर्गात विमानविद्येला दिलेली जागाही राजवटीला सोयीची होती. त्यामुळे राइश्वाइन यांनी काही वर्षे राजवटीशी जुळवून घेतले, असे काही संशोधक म्हणतात. सेन्सॉरच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी तशी भाषा वापरणे भाग होते, असे त्यांचे पाठीराखे सांगतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. सरकारी शाळेचा मास्तर हिटलरला सलाम केल्याशिवाय वर्ग सुरू करू शकत नव्हता. शिक्षकांच्या नाझी संघटनेत देशातले जवळजवळ सगळे शिक्षक ओढले गेले होते, वंशशास्त्र अभ्यासक्रमात घुसले होते. त्या चौकटीत सहा वर्षे नोकरी केलेला माणूस पूर्णपणे निर्लेप राहिला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण त्या पुस्तकात मूल जिथे जिथे प्रत्यक्ष दिसते, तिथे ते रांगेत उभे राहून घोषणा देताना दिसत नाही. ते मोजते, विचारते, चुकते, पुन्हा करते. कोणत्याही हुकूमशाहीला असली पोरे परवडत नाहीत, आणि म्हणून भाषेच्या डागांसकट हे पुस्तक जपण्यासारखे वाटते.

१९३९ च्या वसंतात राइश्वाइन टीफेनझे सोडून बर्लिनला जर्मन लोकसंस्कृती संग्रहालयात गेले. शाळा आणि संग्रहालय यांना जोडणारा विभाग त्यांच्याकडे होता. काही महिन्यांतच दुसरे महायुद्ध सुरू झाले. युद्ध चालू असतानाही त्यांनी माती, लाकूड, विणकाम आणि धातू या विषयांवर प्रदर्शने मांडली आणि शाळकरी मुलांना कारागिरांच्या हत्यारांपाशी आणून उभे केले. व्याख्यानांच्या निमित्ताने त्यांना देशभर फिरता येई, आणि या फिरतीच्या आडून दुसरेही काम चालू होते.

१९४० पासून ते हेल्मूट जेम्स फोन मोल्टके आणि पेटर योर्क यांच्याभोवती जमलेल्या गटात सामील झाले. मोल्टके यांच्या सायलीशियातल्या क्रायझाऊ या जमीनदारीच्या गावावरून (आता पोलंडमधील क्शिझोव्हा) या गटाला क्रायझाऊ मंडळ म्हणतात. हिटलर गेल्यानंतरचा जर्मनी कसा असावा, याची आखणी हे लोक करत होते. १९४२ च्या मे महिन्यात तिथे झालेल्या पहिल्या मोठ्या बैठकीत शाळा आणि विद्यापीठे हा एक मुख्य विषय होता, आणि राइश्वाइन तिथे हजर होते. पुढच्या सरकारात शिक्षणखाते त्यांच्याकडे द्यावे, असाही विचार झाला होता. १९४३ मध्ये बर्लिनमधले त्यांचे घर बाँबहल्ल्यात गेले तेव्हा रोझमारी आणि चार मुले क्रायझाऊलाच आसऱ्याला गेली.

मोल्टके जानेवारी १९४४ मध्ये पकडले गेले. कामगारांचा मोठा भाग बरोबर असल्याशिवाय उठाव टिकणार नाही, असे राइश्वाइन आणि सोशल डेमोक्रॅट नेते युलियुस लेबर यांचे मत होते. म्हणून २२ जून रोजी ते दोघे बर्लिनमध्ये आंटोन झेफको आणि फ्रान्झ याकोब या भूमिगत कम्युनिस्ट नेत्यांना भेटले. त्या बैठकीत गेस्टापोचा, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांचा, खबऱ्या होता. पुढच्या भेटीसाठी ४ जुलैला निघालेले राइश्वाइन पकडले गेले, दुसऱ्या दिवशी लेबरही. २० जुलैला हिटलरवर बाँबहल्ला झाला तेव्हा दोघेही तुरुंगात होते. २० ऑक्टोबर १९४४ रोजी रोलांड फ्रायस्लरच्या ‘लोकन्यायालया’ने राइश्वाइन यांना देहान्ताची शिक्षा सुनावली आणि त्याच दिवशी बर्लिनच्या प्ल्योत्झेनझे तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. सतराच दिवसांपूर्वी त्यांना सेहेचाळीसावे वर्ष पुरे झाले होते.

रोझमारी राइश्वाइन (१९०४–२००२) यांनी युद्धानंतर बर्लिनमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करत चार मुलांना वाढवले. मेंदूच्या विकारामुळे हालचाली जखडलेल्या मुलांसाठीची बोबाथ उपचारपद्धती जर्मनीत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. टीफेनझेवरची दोन्ही पुस्तके युद्धानंतर पुन्हा छापली गेली आणि प्रकल्पपद्धतीवरच्या जर्मन चर्चेत त्यांचे दाखले येत राहिले. राइश्वाइन यांचे कागदपत्र बर्लिनमधल्या शिक्षण-इतिहासाच्या संशोधन ग्रंथालयात ठेवलेले आहेत. मारबुर्ग आणि इतर गावांतल्या शाळांना त्यांचे नाव आहे.