इम्पोर्टच्या बिलात समुद्रभाड्यावरचा कर आला कुठून आणि गेला कुठे

बडोद्याला समुद्र नाही, पण बडोद्याच्या राज्याला बंदर होतं. ओखामंडळ गायकवाडी मुलूख होता आणि १९२०च्या दशकात ओख्याचं बंदर उभं राहिलं. काठियावाडच्या संस्थानी बंदरांत माल उतरायला लागल्यावर ब्रिटिश सरकारने १९२७ मध्ये विरमगामची जकातरेषा परत लावली, म्हणजे बंदर आपलं असलं तरी माल पुढे ब्रिटिश हद्दीत न्यायचा तर तिथे जकात आहेच. हे फार जुनं झालं, पण एकाच मालावर किती ठिकाणी आणि कशाकशाचा कर भरायचा हे भांडण आपल्याकडे नवं नाही एवढ्यासाठी सांगितलं.

स्वातंत्र्यानंतरची चाळीसेक वर्षं लायसन्स आणि कोट्यातच गेली, माल मुंबईच्या डॉकमध्ये उतरायचा, क्लिअरिंग एजंट कागद सोडवायचा आणि ट्रक भरून इकडे यायचा. फॉरवर्डर, म्हणजे परदेशातून इथपर्यंतच्या वाहतुकीची सगळी जुळवाजुळव करून देणारा, हा माणूस आपल्याकडे खरा आला तो कंटेनरबरोबर. १९५६ मध्ये अमेरिकेत एका जुन्या टँकरवर ५८ पेट्या चढवल्या तिथून कंटेनरची सुरुवात धरतात, आपल्याकडे पहिला इनलँड डेपो, म्हणजे बंदरापासून दूर कंटेनर उतरवून तिथेच कस्टम्स करायची जागा, बंगलोरला १९८१ मध्ये झाला, न्हावाशेवा १९८९ मध्ये सुरू झालं, मग मुंद्रा, मग हजिरा. आणि बडोद्याच्या दाराशी दशरथचा आयसीडी, म्हणजे तसाच इनलँड डेपो. मकरपुरा, नंदेसरी, सावली, हालोलच्या छोट्या कारखानदाराला आता मुंबईला माणूस पाठवायला लागत नाही, अर्धा कंटेनर भरेल एवढाच माल असला तरी एलसीएलमध्ये, म्हणजे दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये, येतो, फॉरवर्डर चीनच्या गोदामापासून दशरथपर्यंतचं सगळं एका बिलात देतो.

फॉरवर्डरलाही सरकारी लायसन्स असतं असं बरेच जण धरून चालतात, ती चूक आहे. सीएचए म्हणजे आताचा कस्टम्स ब्रोकर, कस्टम्समधून माल सोडवणारा, त्याला कस्टम्सचं लायसन्स लागतं, परीक्षा असते. फॉरवर्डरला तसं काही नाही. मल्टिमोडल वाहतुकीचा १९९३चा कायदा आहे, पण तो भारतातून बाहेर जाणाऱ्या मालासाठी लिहिलेला, आत येणाऱ्या मालाला तो लागू नाही. म्हणजे इम्पोर्टरची सगळी भिस्त हाऊस बीएलच्या (फॉरवर्डरने दिलेल्या मालाच्या पावतीच्या) मागे बारीक अक्षरात छापलेल्या अटींवर, आणि त्या कोणी वाचत नाही.

आता मुख्य भानगड. समुद्राचं भाडं.

ड्युटी कशावर लागते तर सीआयएफ किमतीवर, म्हणजे माल अधिक विमा अधिक भाडं. भाडं माहीत नसेल तर एफओबीच्या, म्हणजे भाडं-विमा सोडून मालाच्या किमतीच्या, २० टक्के धरतात, विमा माहीत नसेल तर १.१२५ टक्के. याच्या वर पूर्वी १ टक्का लँडिंग चार्जेस म्हणून लावायचे, खर्च झालेला असो वा नसो. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये ते चूक ठरवलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये नियम बदलला. म्हणजे भाडं किमतीत आहेच, त्यावर ड्युटी भरली, जीएसटी आल्यावर त्याच किमतीवर आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) पण भरला. मग परत भाड्यावर वेगळा कर कशाला?

तर झालं असं की परदेशातून माल आणणाऱ्या जहाजाच्या भाड्यावर १ जून २०१६ पर्यंत सर्व्हिस टॅक्स नव्हता. त्यामुळे भारतीय जहाज कंपन्यांना आपल्या खर्चावर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजावट, मिळत नव्हतं, त्यांची तक्रार रास्त होती. कर लावल्यावर उलटं झालं, भारतीय जहाजाच्या भाड्यावर टॅक्स आणि सीआयएफ सौद्यात परदेशी विक्रेत्याने परदेशी जहाज ठरवलं तर काहीच नाही, कारण दोघंही बाहेरचे, पकडायचं कोणाला. म्हणून २२ जानेवारी २०१७ पासून आधी जहाजाच्या इथल्या एजंटला पकडलं, आणि तीनच महिन्यांत, २३ एप्रिलपासून, थेट इम्पोर्टरला. ज्याने जहाज ठरवलं नाही, ज्याच्या हातात भाड्याचं बिलच येत नाही, त्याने टॅक्स भरायचा. १ जुलैला जीएसटी आला तेव्हा हीच तरतूद जशीच्या तशी पुढे आली. भाडं माहीत नसेल तर सीआयएफच्या १० टक्के धरा आणि त्यावर ५ टक्के आयजीएसटी भरा. वीस लाखांचा माल असेल तर दोन लाख भाडं मानायचं आणि दहा हजार भरायचे, खरं भाडं साठ हजार का असेना.

सरकारी बाजूचं म्हणणं होतं की क्रेडिट मिळतंय ना, मग त्रास कसला. हे मला कधीच पटलं नाही. क्रेडिट मिळेपर्यंत पैसे अडकतात, आणि ज्याचा पुढचा माल करमुक्त आहे त्याला क्रेडिट मिळतच नाही. कोळसा आणणाऱ्या एका कंपनीने गुजरात हायकोर्टात दाद मागितली, जानेवारी २०२० मध्ये जिंकली. १९ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने निकाल कायम केला, पण कारण बदललं, आणि हा फरक लोक सांगत नाहीत. इम्पोर्टरला सेवा घेणारा मानायचा अधिकार सरकारला आहे असंच कोर्ट म्हणालं, फक्त सीआयएफ सौद्यात माल आणि भाडं मिळून एकच पुरवठा असतो आणि त्यावर आयजीएसटी एकदा भरलाय, म्हणून वेगळा लावता येणार नाही. जीएसटी कौन्सिलच्या शिफारशी बंधनकारक नाहीत हेही त्याच निकालात आलं आणि पेपरात बातमी त्याचीच झाली, भाड्याचा मुद्दा आतल्या पानावर गेला. भाड्यावरच्या कराचं नोटिफिकेशन प्रत्यक्ष हटलं ते १ ऑक्टोबर २०२३ पासून. मधल्या काळात भरलेल्यांनी रिफंडचे अर्ज टाकले आणि मग दोन वर्षांच्या मुदतीवरून वेगळे वाद सुरू झाले.

पण एफओबीवाल्याचं काय? तो इथल्या फॉरवर्डरकडून जहाज बुक करतो, भाड्याच्या बिलावर जीएसटी भरतो, आणि तेच भाडं ड्युटीच्या किमतीत धरून परत आयजीएसटी भरतो. निकालाचा फायदा त्याला मिळाला नाही, कारण सौदा दोन वेगळ्या करारांचा आहे. माझ्या मते हे अर्धंच निस्तरलंय, आणि मकरपुऱ्यातले जे लोक पैसे वाचतील म्हणून एफओबीवर माल घेतात त्यांनाच ते सोसावं लागतं.

दशरथला माल येत असेल तर अजून एक बघा, न्हावाशेवा किंवा मुंद्र्यापासून इथपर्यंतचं रेल्वेचं भाडं आणि हाताळणी ड्युटीच्या किमतीत धरायची नसते, नियमातच वगळलंय. पण फॉरवर्डरने शांघाय ते दशरथ असा एकच आकडा बिलात टाकला तर वेगळं दाखवायला कागद राहत नाही आणि सगळ्यावर ड्युटी लागते. बुकिंगच्या वेळीच समुद्राचं आणि रेल्वेचं भाडं वेगवेगळ्या ओळीत लिहून मागा, बीई (बिल ऑफ एंट्री, कस्टम्सकडे द्यायचा आयातीचा कागद) फाईल झाल्यावर दुरुस्ती करून घेणं फार अवघड जातं.