विजेचा बल्ब एडिसनने शोधला? तसं नाही

शाळेपासून पाठ झालेलं वाक्य: '1879 मध्ये एडिसनने विजेचा दिवा शोधला.' पण इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान हा संशोधक 1860च्या सुमारासच कागदाच्या कोळशाची पट्टी काचेच्या फुग्यात तापवून बघत होता. दिवा पेटायचा, टिकायचा नाही. कारण साधं: आत हवा उरली की तापलेला कोळसा जळून जातो. 1865 मध्ये रसायनशास्त्रज्ञ स्प्रेंगेलचा, हवा उपसणारा पाऱ्याचा पंप आला आणि फुगा बराच रिता करता येऊ लागला. तरी एक मेख होतीच. कोळशात मुरलेला वायू तापल्यावर बाहेर पडतो, म्हणून तंतू (म्हणजे ती कोळशाची पट्टी) तापलेला असतानाच पंप चालू ठेवावा लागे. फेब्रुवारी 1879 मध्ये स्वानने न्यूकॅसलला जाहीर सभेत दिवा पेटवून दाखवला. एडिसनचा कोळसा केलेल्या सुती दोऱ्याचा दिवा ऑक्टोबरमधला, साधारण साडेतेरा तास चाललेला.

मग एडिसनचं काय? माझ्या मते त्याची खरी करामत तंतूच्या जास्त रोधात, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्यात आहे. हा रोध ओहममध्ये मोजतात. हिशेब करा: 1 ओहमच्या दिव्याला 100 वॅटसाठी 10 अँपिअर लागतात, 100 ओहमच्या दिव्याला फक्त 1. तारेतली नासाडी प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे पहिल्या दिव्यापायी ती शंभरपट. ती टाळायची तर तांब्याच्या तारा इतक्या जाड लागतील, की गल्लीभर दिवे लावणं परवडणारच नाही. बारीक, जास्त रोधाच्या तंतूमुळे 1882 मध्ये न्यूयॉर्कचं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र शक्य झालं. पुढच्याच वर्षी इंग्लंडात दोघांची भागीदारीतली कंपनी निघाली: 'एडिस्वान'.