टाइमशेअर सुट्टीसाठी प्रवास विमा

सुट्टीनिवासाचा वर्षातील ठरावीक काळ, बहुधा एक आठवडा, वापरण्याचा विकत घेतलेला हक्क म्हणजे टाइमशेअर. हा हक्क बजावण्यासाठी केलेल्या प्रवासातील आर्थिक जोखमींना प्रवास विम्याचे संरक्षण कुठवर मिळते, याचा विचार येथे केला आहे. प्रवास रद्द होणे, तो अर्ध्यावर सोडावा लागणे, वाटेतले आजारपण वा अपघात, सामान गहाळ होणे आणि विलंब ही प्रवास विम्याची नेहमीची कलमे टाइमशेअरधारकालाही लागू असतात. अडचण येते ती पहिल्या दोन कलमांत. हॉटेलात उतरणाऱ्याजवळ मुक्कामाचे बिल असते. टाइमशेअरधारकाजवळ ते नसते. त्याने मुक्कामाचे पैसे हक्क घेताना एकदा आणि पुढे दरवर्षी देखभाल शुल्काच्या (मेंटेनन्स फी) रूपाने भरलेले असतात. विमा मात्र ‘या प्रवासासाठी आगाऊ भरलेली आणि परत न मिळणारी रक्कम’ तेवढी भरून देतो. दावा नाकारला गेला की वाद बहुधा इथेच सुरू होतो.

उगम व कालनिर्णय : प्रवास विमा टाइमशेअरपेक्षा शंभराहून अधिक वर्षांनी जुना आहे, आणि आजच्या पॉलिसीच्या शब्दांवर त्या वयाची छाप आहे. ब्रिटनमधील रेल्वे पॅसेंजर्स अ‍ॅश्युअरन्स कंपनी (१८४९) रेल्वे तिकिटाबरोबर अपघात विमा विकत असे. अमेरिकेत हार्टफर्ड येथील ट्रॅव्हलर्स ही कंपनी १८६४ च्या सुमारास अशा विम्याकडे वळली. पहिला मान कोणाचा, हे ‘प्रवास विमा’ या शब्दाच्या व्याख्येवर ठरते; केवळ प्रवासातील अपघाताचा विमा असा अर्थ घेतला तर १८४९ हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. या दोन्ही योजना जिवाला वा शरीराला होणाऱ्या इजेच्या होत्या. रद्द झालेल्या प्रवासाचे पैसे परत देणारे कलम नंतरचे; दुसऱ्या महायुद्धानंतर आगाऊ पैसे भरून घ्यायच्या सामूहिक सहलींचा प्रसार झाला, त्याबरोबर ते रुळले असे सामान्यतः मानतात. त्याची कल्पना साधी होती : एक सहल, एक किंमत, एक पावती.

टाइमशेअरच्या उगमाबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली स्थापन झालेली हापिमाग ही पहिली संस्था. दुसरे मत फ्रेंच आल्प्समधील सुपरदेवोल्यी या बर्फाळ सुट्टीकेंद्राला मान देते. तेथील योजनेसाठी बहुतेक ठिकाणी १९६७ हे वर्ष आढळते. हापिमागचे सभासद भागधारक होते. ठरावीक खोलीचा ठरावीक आठवडा त्यांच्या नावावर नसे. भागांच्या प्रमाणात मिळणारे गुण (पॉइंट) खर्चून ते वेगवेगळ्या ठिकाणी राहत. फ्रेंच योजनेत मात्र विशिष्ट निवासाचा कालबद्ध हक्क विकला जाई. म्हणून ‘आठवडा’ हे एकक मानणारे अभ्यासक सुपरदेवोल्यीकडे झुकतात, ‘वाटून घेतलेला वापर’ हे तत्त्व मानणारे हापिमागकडे. विम्याच्या दृष्टीने हापिमागची बाजू अधिक उपयोगी आहे, कारण आज वाद होतात ते मुख्यतः गुणांच्या योजनांत, आणि त्यांचे मूळ तेथे स्पष्ट दिसते. गुणपद्धत डिस्नीच्या सुट्टीक्लबाने १९९१ मध्ये आणली असे कधीकधी लिहिले जाते; तिचा प्रसार त्यानंतर वाढला, एवढेच त्यात खरे. आठवड्यांची अदलाबदल (एक्सचेंज) करून देणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या अमेरिकेत निघाल्या : आरसीआय (१९७४) आणि इंटरव्हल इंटरनॅशनल (१९७६). त्यांच्यामुळे हक्क एका ठिकाणचा आणि सुट्टी दुसऱ्या ठिकाणी, अशी फारकत झाली आणि अदलाबदल शुल्क हा नवा खर्च आला.

प्रवासखर्चात काय धरावे : सगळ्या विषयाची गुरुकिल्ली हा प्रश्न आहे. विमा क्षतिपूर्तीच्या तत्त्वावर चालतो. घटनेमुळे जे नुकसान झाले तेवढेच भरून मिळते. विमानाचे तिकीट, भाड्याची गाडी, आगाऊ भरलेल्या सहली हे खर्च सरळ आहेत. ते या प्रवासासाठीच झाले आणि प्रवास रद्द झाल्यामुळे बुडाले. देखभाल शुल्क तसे नाही. माणूस गेला काय, न गेला काय, ते भरावेच लागते. प्रवास रद्द झाल्यामुळे ते बुडाले असे म्हणता येत नाही, असा विमा कंपन्यांचा युक्तिवाद असतो. याविरुद्ध मत असे, की तो आठवडा पुन्हा मिळत नाही आणि त्याची किंमत मोजायला वर्षाचे देखभाल शुल्क हेच सर्वांत जवळचे माप आहे. या मतात न्याय आहे, आणि काही पॉलिसींत देखभाल शुल्काचा त्या आठवड्यापुरता हिस्सा स्पष्ट शब्दांत समाविष्टही केलेला असतो. पण शब्द नसेल तर पहिलाच अर्थ लावला जाईल असे धरून चालावे. अनेक ब्रिटिश पॉलिसींत टाइमशेअरचे देखभाल व अदलाबदल शुल्क नाव घेऊन वगळलेले असते, पुष्कळदा विमानप्रवासाच्या मैलगुणांच्या शेजारच्याच ओळीत. इतरत्र टाइमशेअर हा शब्दच पॉलिसीत सापडत नाही. तेव्हा निर्णय ‘प्रवासखर्च’ या शब्दाच्या व्याख्येवर होतो. म्हणून पॉलिसी वाचताना व्याख्यांचे पान आणि ‘वगळलेल्या बाबी’ ही दोन्ही ठिकाणे पाहावी लागतात. फायद्यांचा तक्ता पाहून काहीच कळत नाही.

अदलाबदल शुल्क मधल्या जागेत आहे. ते या एका प्रवासासाठी भरलेले असते, त्याची पावती असते आणि आरक्षण पक्के झाल्यावर ते सहसा परत मिळत नाही. स्पष्ट शब्दांत वगळले नसेल तर ते प्रवासखर्चात धरून घेण्याचा आग्रह धरावा. गुणांचे मात्र अवघड आहे. गुण देऊन केलेल्या आरक्षणाच्या पुष्टिपत्रावर खाली ‘एकूण देय रक्कम : ०’ असे छापलेले असते. दावा तपासणाऱ्याच्या टेबलावर तोच कागद जातो, आणि शून्याची भरपाई शून्य होते. काही पॉलिसी गुण खात्यात परत जमा करण्याचे शुल्क देतात, गुणांची किंमत देत नाहीत.

गुण स्वतः वाचवायचे असतील तर विम्याआधी क्लबच्या रद्द करण्याच्या नियमांकडे पाहावे. सवलत पायऱ्यापायऱ्यांनी कमी होते : लवकर रद्द केल्यास सर्व गुण परत, थोडे उशिरा केल्यास ते राखीव खात्यात जातात आणि तेथून फक्त जवळच्या तारखांची आरक्षणे करता येतात, अखेरच्या दिवसांत सगळे बुडतात. अदलाबदल कंपन्या आरक्षणाच्या वेळी जादा पैसे घेऊन जे ‘संरक्षण’ देतात तो विमा नव्हे. त्यातून जमा केलेल्या आठवड्याचे विनिमयमूल्य किंवा गुण परत मिळतात, किंवा दुसरा आठवडा निवडता येतो. पैसे मिळत नाहीत, आणि तिकीट, आजारपण, सामान यांच्याशी त्याचा काही संबंध नसतो. उलट प्रवास विमा पैसे देतो, आठवडा परत आणून देत नाही. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत. एकाच्या जागी दुसरे घेतल्याने होणारे नुकसान फार सहज टाळता येण्याजोगे असते, म्हणून हा भेद पक्का ध्यानात ठेवावा.

पहिल्या भरण्याची तारीख : आधीपासूनच्या आजारांवरील बंदी सैल करणारी सवलत अनेक पॉलिसींत असते. तिच्यासाठी पॉलिसी प्रवासाचा पहिला हप्ता भरल्यापासून साधारण १४ ते २१ दिवसांत घ्यावी लागते, परत न मिळणाऱ्या संपूर्ण खर्चाचा विमा उतरवावा लागतो आणि विमा घेताना प्रवासी प्रवासास समर्थ असावा लागतो. सवलत नसेल तर पॉलिसीपूर्वीचे ६० ते १८० दिवस तपासले जातात. त्या काळात नवे लक्षण दिसले असेल, उपचार किंवा औषधाची मात्रा बदलली असेल, तर त्या आजाराचा दावा बाद ठरू शकतो.

टाइमशेअरमध्ये पहिला भरणा कोणता? आठवडा अदलाबदलीसाठी जमा केला तो दिवस, अदलाबदल शुल्क भरले तो, की तिकीट काढले तो? आठवडा जमा करताना या प्रवासाचे ठिकाणही ठरलेले नसते, म्हणून तो दिवस सहसा धरत नाहीत; या विशिष्ट प्रवासाशी बांधलेला सर्वांत आधीचा पैसा धरणे सुरक्षित. इथे एक खाच आहे. देखभाल शुल्क प्रवासखर्च म्हणून दाखवले, तर ते वर्षारंभी भरलेले असल्याने पहिल्या भरण्याची तारीखही तिथवर मागे जाते असा अर्थ निघू शकतो, आणि १४ ते २१ दिवसांची मुदत विमा घेण्याआधीच संपलेली असते. म्हणजे न मिळणाऱ्या रकमेवर विमाहप्ता भरायचा आणि वर सवलतही घालवायची. उलट बाजूने, जे शुल्क पॉलिसी स्पष्टपणे प्रवासखर्च मानते ते लपवले तर ‘संपूर्ण खर्चाचा विमा’ ही अट मोडते. कंपनीला लेखी विचारून आलेले उत्तर जपून ठेवणे हा यावरचा खात्रीचा उपाय. दूरध्वनीवरचे आश्वासन दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

रद्द करण्याची कारणे : पॉलिसीत नाव घेतलेल्या कारणांसाठीच पैसे मिळतात : विमाधारकाचा, सहप्रवाशाचा किंवा जवळच्या नातलगाचा आजार वा मृत्यू, न्यायालयाचे बोलावणे, राहते घर किंवा सुट्टीनिवास आपत्तीमुळे राहण्यायोग्य न उरणे इत्यादी. वादळाला नाव पडल्यानंतर घेतलेली पॉलिसी त्या वादळासाठी उपयोगी पडत नाही. घटना आधीच ज्ञात झालेली असते. रिसॉर्ट डागडुजीसाठी बंद ठेवले, किंवा त्याने दुसरा आठवडा देऊ केला, तर सहसा भरपाई नाही. ‘कोणत्याही कारणासाठी रद्द’ हे जादा कलम मुख्यतः अमेरिकी बाजारात मिळते. ते विमा उतरवलेल्या खर्चाच्या ५० ते ७५ टक्के देते, मात्र निघण्याच्या सहसा किमान ४८ तास आधी रद्द करावे लागते. तेही रकमेवरच चालते, गुणांवर नाही.

एक खोली अनेकांनी मिळून वापरणे ही टाइमशेअरची रीत; तिथे एक गोष्ट हमखास राहून जाते. चौघांपैकी एक आजारी पडला आणि तिघे गेले, तर खोली वापरली गेली. मुक्कामाचे नुकसान झालेच नाही असे धरतात. आजारी व्यक्तीला फक्त तिच्या तिकिटाचे पैसे मिळतात.

प्रवास अर्ध्यावर सोडणे : सात रात्रींपैकी चार राहून परतावे लागले तर उरलेल्या तीन रात्रींचा हिस्सा, म्हणजे विमा उतरवलेल्या मुक्कामखर्चाचा ३/७, मागता येतो. मुक्कामखर्च शून्य असेल तर हा हिस्साही शून्य. खरा आधार असतो तो तातडीने परतण्याच्या जादा भाड्याचा. या कलमाची मर्यादा बऱ्याच पॉलिसींत विमा उतरवलेल्या खर्चाच्या १०० ते १५० टक्के असते, म्हणून केवळ तिकिटाचा विमा घेतलेल्यालाही तिचा उपयोग होतो.

वैद्यकीय खर्च व आणीबाणीत हलवणे ही कलमे निवास कोणत्या प्रकारचा यावर अवलंबून नसतात. ज्याचा सगळा प्रवास गुणांवर चालतो, त्याने प्रवासखर्च शून्य दाखवून केवळ या दोन कलमांसाठी पॉलिसी घेणे बहुधा सर्वांत शहाणपणाचे. सामान व विलंबाच्या कलमांत टाइमशेअरपुरते वेगळे काही नाही.

भाड्याने घेतलेला आठवडा : मालकाकडून आठवडा भाड्याने घेणाऱ्याची स्थिती विम्याच्या दृष्टीने मालकापेक्षा चांगली असते, कारण त्याच्याजवळ भाड्याची पावती असते. करारात रद्द करण्याची अट, रक्कम आणि तारखा असाव्यात आणि पैसे बँकेमार्फत द्यावेत. रोख व्यवहाराचा पुरावा उरत नाही. रिसॉर्टकडून मिळणारे पाहुण्याच्या नावाचे प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय निघू नये. मालकाने देखभाल शुल्क थकवल्यामुळे रिसॉर्टने दारातून परत पाठवले, तर ते नुकसान बहुतेक पॉलिसींच्या बाहेर राहते. पुरवठादाराची दिवाळखोरी हे कलम खाजगी व्यक्तीला सहसा लागू होत नाही. भाडेकरूने रद्द केल्यामुळे मालकाचे बुडालेले भाडेही प्रवास विम्यात येत नाही.

दावा करताना : आजारपण उद्भवताच आधी रिसॉर्ट व अदलाबदल कंपनीकडे आरक्षण रद्द करावे आणि नंतर विमा कंपनीला कळवावे. बरे वाटेल या आशेवर थांबलेल्या दिवसांत दंडाची पुढची पायरी लागली, तर वाढलेला भाग कापला जातो. डॉक्टरांचे ‘प्रवास करू नये’ असे प्रमाणपत्र रद्द करण्याच्या दिवशीचे किंवा त्याआधीचे असावे; नंतरच्या तारखेच्या प्रमाणपत्रावर शंका घेतली जाते. सोबत मूळ पुष्टिपत्र, रद्द केल्याची पोच, काय परत मिळाले व काय नाही हे सांगणारे रिसॉर्टचे पत्र आणि शुल्काच्या पावत्या जोडाव्यात. पावतीवर ‘सभासद शुल्क’ असा मोघम शब्द असेल तर ती कोणत्या आरक्षणाची, हे रिसॉर्टकडून लिहून घ्यावे.

टाइमशेअर खरेदीचा पश्चात्ताप, इमारतीच्या दुरुस्तीसाठी मालकांवर बसवलेली विशेष वर्गणी आणि वाढलेले देखभाल शुल्क यांचा प्रवास विम्याशी संबंध नाही. खरेदी रद्द करण्याची मुदत वेगळ्या कायद्यांत आहे. युरोपीय संघात १९९४ च्या निर्देशाने ती किमान १० दिवस ठेवली होती, २००८ च्या निर्देशाने १४ दिवस केली. विमा पॉलिसी परत करण्याची मुदत, पुष्कळ ठिकाणी १० ते १५ दिवस, ही याहून निराळी; ती पॉलिसी हाती आल्यापासून मोजतात आणि त्या अवधीत दावा केला किंवा प्रवास सुरू केला, तर ती संपते.