ओंडका, दोन चाकं आणि एक कमान

तीन मीटर लांब आणि तीस सेंटिमीटर जाड असा ताजा तोडलेला ओंडका साधारण २०० किलो भरतो. त्यातलं बरंचसं वजन पाण्याचं असतं. सपाट जागेवर दोन माणसं पहारीने रेटून तो लोळवू शकतात. पण झाडीतून, बुंध्यांमधून, चढउतारावरून त्याला शंभर मीटरवरच्या रस्त्यापर्यंत न्यायचं म्हटलं की लोळवणं संपतं आणि ओढणं सुरू होतं.

ओढताना दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली घर्षण. कोरड्या, घट्ट जमिनीवर लाकूड घसटत न्यायला त्याच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास जोर लागतो, म्हणजे आपल्या ओंडक्याला १०० किलोचा. हे झालं पाठ्यपुस्तकातलं घर्षण. दुसरी गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा नसते, आणि रानात मात्र तीच जास्त छळते. ओंडक्याचं पुढचं तोंड नांगराच्या फाळासारखं जमिनीत शिरतं, पुढे माती साचवतं, मुळाला नाहीतर दगडाला अडतं. अशा वेळी लागणाऱ्या जोराला वरची मर्यादाच राहत नाही. दोर तुटतो किंवा ओढणारं थांबतं. म्हणूनच लाकूडतोडे पूर्वापार ओंडक्याचं तोंड कुऱ्हाडीने तासून गोलसर करून घेत आले आहेत.

ओढण्याने आणखी दोन नुकसानं होतात. सालीत खडे आणि वाळू रुतून बसते आणि पुढे करवतीच्या दात्यांची धार घालवते. जमिनीवर जी लांब चर पडते, तिच्यातून पावसाचं पाणी वाहू लागतं आणि माती घेऊन जातं. उताराच्या रानात ही चर पुढे ओघळ बनते. मला स्वतःला हे नुकसान सगळ्यात मोठं वाटतं, कारण तुटलेला दोर बदलता येतो, वाहून गेलेली माती परत आणता येत नाही.

उपाय असा की ओंडका पूर्ण उचलायचाच नाही. फक्त त्याचं तोंड उचलायचं आणि शेपूट जमिनीवर राहू द्यायचं. एवढ्यासाठी जे दोन चाकी साधन अमेरिकेत आणि कॅनडात वापरतात, त्याला लॉग आर्च म्हणतात. नेहमीच्या गाडीत दोन चाकांना जोडणारा आस सरळ मधून जातो. इथे नेमक्या त्याच जागी ओंडका टांगायचा असतो, म्हणून मधला आस काढून टाकून त्याजागी उलट्या यू आकाराची कमान बसवतात. कमानीच्या दोन पायांना बाहेरच्या बाजूने आखूड आस आणि चाकं, माथ्याला साखळीचा हूक, आणि पुढे ओढायला लांब दांडी. एवढंच यंत्र. ओंडका दोन चाकांच्या मध्ये घ्यायचा, साखळीने माथ्याला आवळायचा आणि चालू पडायचं.

या कल्पनेचं सर्वांत भव्य रूप मिशिगन राज्यात घडलं. मॅनिस्टी गावातला सायलस ओव्हरपॅक हा गाड्या बनवणारा कारागीर. १८७० च्या दशकात एक शेतकरी त्याच्याकडे नेहमीपेक्षा खूप मोठ्या चाकांची जोडी मागायला आला आणि नंतर तो त्या चाकांवरून ओंडके ओढतो असं ओव्हरपॅकच्या ध्यानात आलं, अशी हकीकत सांगतात. त्यानंतर ओव्हरपॅकने तीच चाकं बनवून विकायला घेतली. लाल रंगाची, ९ ते १० फूट उंचीची लाकडी चाकं, त्यांवर लोखंडी धाव, आणि पुढे घोड्यांची जोडी. तोवर मिशिगनमधली पाइनची तोड हिवाळ्यावर अवलंबून असे, कारण बर्फाच्या वाटेवरून घसरगाड्यांनी ओंडके नेणं सोपं. या चाकांमुळे बर्फ नसतानाही माल बाहेर निघू लागला. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ओव्हरपॅकने ती मांडली होती. पुढे साखळीपट्ट्यांचे ट्रॅक्टर आले आणि १९२० च्या दशकापासून ही चाकं मागे पडत गेली. मिशिगनमध्ये ग्रेलिंगजवळच्या हार्टविक पाइन्सच्या संग्रहालयात ती आजही पाहता येतात.

मोठा उद्योग पुढे गेला, पण घराजवळ पाच-दहा एकर रान असलेल्या माणसाची अडचण तशीच राहिली. त्यात मिशिगनमध्येच २००२ साली आशियातून आलेला हिरवा चकचकीत भुंगेरा सापडला आणि त्याच्या अळ्यांनी पुढच्या काळात कोट्यवधी ॲश वृक्ष मारले. मेलेलं झाड उभं ठेवणं धोक्याचं, आणि लाकूड कुजण्याआधी कापून घेतलं तर उपयोगाचं. असे लोक मग जुन्या ट्रेलरची चाकं, चौकोनी पाइप आणि वेल्डिंग मशीन घेऊन घरीच लॉग आर्च बनवतात. ती बनवताना प्रत्येक मापामागे एक कारण असतं.

आधी उचलण्याचं पाहू. सर्वांत साध्या बांधणीत वेगळं यंत्र लागतच नाही, दांडी हीच तरफ आणि चाकांचा आस हाच टेकू. समजा कमानीचा माथा आसापासून ४० सेंटिमीटर वर आहे आणि दांडी २ मीटर लांब. दांडी उभी केली की कमान मागे आडवी होते आणि माथा ओंडक्यावर झुकतो. तिथे साखळी शक्य तितकी आखूड अडकवायची, चाकांपुढे दगड लावायचे आणि दांडी खाली ओढायची. २ मीटर विरुद्ध ४० सेंटिमीटर म्हणजे पाचपट फायदा. साखळीवर १५० किलो भार असेल तर हाताला ३० किलो जोर लागतो. आणि हा जोर फक्त सुरुवातीला लागतो. माथा वर चढू लागला की त्याचं आसापासूनचं आडवं अंतर कमी होत जातं, त्याबरोबर दांडीवरचा भारही. दांडी आडवी झाली की माथा थेट आसाच्या वर येतो, ते अंतर शून्य होतं आणि ओंडक्याचं टांगलेलं वजन सगळं चाकांवर जातं. यात सुंदर असं काही असेल तर हेच आहे.

धोकाही त्यातच आहे. अर्ध्या वाटेत दांडी हातातून सुटली तर ती झटक्याने उलट वर जाते. ओव्हरपॅकच्या चाकांना तर सोळा फुटांच्या आसपास लांबीची दांडी असे. म्हणून दांडीच्या टोकाच्या वर तोंड किंवा छाती नेऊ नये आणि दांडी खाली आली की ती लगेच ओंडक्याला साखळीने बांधून टाकावी. ज्यांना हा प्रकार नको असतो ते माथ्यावर हातविंच किंवा चेनपुली लावतात. ती सावकाश चालते, पण तिच्यातला खटका तिला उलटं फिरू देत नाही, त्यामुळे भार जागच्या जागी धरून राहतो.

साखळी ओंडक्याला कुठे बांधायची, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि बहुतेक जण तो अंदाजावर सोडतात. आपला ओंडका ३ मीटरचा, म्हणजे त्याचा गुरुत्वमध्य साधारण १.५ मीटरवर. साखळी अगदी तोंडाशी बांधली तर निम्मं वजन चाकांवर आणि निम्मं शेपटावर पडतं. जमिनीवर घसटणाऱ्या १०० किलोंना ५० किलो जोर लागतो. मऊ जमिनीवर फिरणाऱ्या हवेच्या टायरला वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा जोर लागतो असं धरलं तर चाकांवरच्या १०० किलोंना १० किलो. एकूण ६०. फायदा झाला, पण डोळ्यांत भरण्याजोगा नाही. आता साखळी तोंडापासून १ मीटर आत घ्या. चाकांवर १५० आणि शेपटावर ५० किलो येतात, आणि ओढायला लागतात ४० किलो. आणखी सरकून १.३ मीटरवर आलो तर चाकांवर १७६, शेपटावर २४, आणि ओढण्याचा जोर सुमारे ३० किलो. तोंडाशी बांधण्याच्या निम्मा, आणि नुसतं घसटण्याच्या एक तृतीयांशापेक्षा कमी. तेवढा जोर दोन माणसं आरामात लावतील.

मग बरोबर मध्यावरच का बांधू नये? कारण तेव्हा ओंडका हवेत डुलू लागतो. वळणावर तो एकीकडे फिरतो, खड्ड्यात तोंड खाली आपटतो. थोडं जड शेपूट मागून ओढत राहिलं की ओंडका सरळ राहतो. त्याचं पुढचं तोंड दांडीला बांधलं की डोलणं आणखी कमी होतं, आणि ओढण्याचा ताण टांगलेल्या साखळीवर तिरका न येता थेट दांडीत जातो.

उतारावर शेपटाचं खरं काम कळतं. पंधरा अंशांच्या उतारावर, म्हणजे चार मीटर चाललं की साधारण एक मीटर खाली, २०० किलोंचा ओंडका ५२ किलो जोराने खाली खेचला जातो. साखळी तोंडाशी असेल तर घर्षण आणि चाकांचा विरोध मिळून ५८ किलो होतात, म्हणजे ओंडका जेमतेम स्वतःहून थांबलेला राहतो. साखळी १.३ मीटरवर असेल तर विरोध फक्त २९ किलो, आणि उरलेले २३ किलो ओढणाऱ्याच्या पाठीवर. सपाटीवर जी बांधणी सर्वांत सोपी, तीच उतारावर सर्वांत धोक्याची! पाऊस पडून जमीन निसरडी झाली की हे आकडे आणखी बिघडतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात यावर एक फार हुशार उपाय निघाला होता. तिथल्या मोठ्या चाकांची दांडी पुढेमागे सरकणारी असे. घोडे ओढत असेपर्यंत ओंडके वर उचललेले राहत. उतारावर गाडी घोड्यांच्या अंगावर येऊ लागली की दांडी मागे सरके, ओंडके खाली टेकत आणि आपणच ब्रेक बनत. घरगुती कमानीला असा ब्रेक नसतो. म्हणून उतार लागण्याआधी साखळी तोंडाकडे सरकवायची, आणि उतार तीव्र असेल तर मागे दोर बांधून झाडाभोवती वेढा देऊन तो हळूहळू सोडायचा.

चाकं किती मोठी असावीत? ५ सेंटिमीटर उंच मूळ किंवा दगड ओलांडायचा आहे असं धरा. ४० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला तिथे भाराच्या ८८ टक्के जोर आडवा लावावा लागतो. ६० सेंटिमीटरच्या चाकाला ६६ टक्के. ओव्हरपॅकच्या दहा फुटी चाकाला २६-२७ टक्के. ती चाकं एवढी अवाढव्य का होती, याचं उत्तर या आकड्यांत आहे. घरी एवढं चाक परवडत नाही, पण मालवाहू ढकलगाडीची लहान चाकं लावून रानात जाणं निरर्थक आहे. टायर रुंद आणि कमी हवेचे घ्यावेत. टायर जमिनीवर जो दाब देतो तो साधारण त्याच्या आतल्या हवेच्या दाबाएवढाच असतो, त्यामुळे हवा कमी म्हणजे माती कमी दबते.

आता पोलाद. २०० नव्हे तर ३०० किलोंचा ओंडका धरू, आणि खड्ड्यातल्या धक्क्यासाठी तो दुप्पट, म्हणजे ६०० किलो मोजू. दोन चाकांच्या मध्यांमध्ये ९५ सेंटिमीटर अंतर असेल तर ५० मिलिमीटरच्या आणि ५ मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाइपच्या माथ्यावर जो ताण येतो, तो साध्या पोलादाच्या वाकण्याच्या मर्यादेच्या निम्म्याहून थोडा कमी भरतो. म्हणजे कमान तगते. खरी नाजूक जागा आहे ती आखूड आस पायाला जिथे जोडला जातो ती. चाक पायापासून १० सेंटिमीटर बाहेर असेल तर सगळा भार तिथे तो जोड वाकवत राहतो. गोल सळईची वाकण्याला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. २५ मिलिमीटरऐवजी ३० मिलिमीटरचा आस घेतला तर ताकद सुमारे पावणेदोनपट होते. इथे पैसे वाचवू नयेत. शिवाय माथा भाराने किंचित खाली वाकला की दोन्ही पाय खालून बाहेर फाकतात आणि चाकांचे वरचे काठ आत झुकतात. म्हणून माथा आणि पाय यांच्या कोपऱ्यांत तिरक्या पट्ट्या वेल्ड कराव्यात. खालून दोन पाय जोडणारी पट्टी मात्र लावता येत नाही, तिथेच तर ओंडका यायचा असतो.

आपल्याकडे हे काम बैलांनी केलं, रेड्यांनी केलं, आणि गडचिरोलीच्या सागवानी जंगलात वनखात्याच्या हत्तींनी केलं. कमलापूरचा हत्ती कॅम्प त्याची खूण आहे. पण ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-मुरुडच्या पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये नारळी, पोफळी आणि आंब्याची झाडं आडवी पाडली, तेव्हाची अडचण निराळ्या मापाची होती. वाडीत वाट अरुंद, दोन्ही बाजूंना उभी झाडं आणि पाटाचं पाणी. मोठं यंत्र आत नेलं तर वाचलेलीही झाडं आणि पाट मोडायचे. मीटरभर रुंदीची, दोन माणसांनी ओढायची कमान अशा जागेसाठीच आहे. तालुक्याच्या कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात ती होईल, कारण चौकोनी पाइप, बेअरिंगवाले हब आणि साखळी यांपलीकडे तिला काही लागत नाही.

साखळी आणि हूक मात्र भार उचलण्यासाठी बनवलेलेच घ्यावेत, त्यांवर किती भार चालतो ते कोरलेलं असतं. कमान तयार झाली की पहिल्याच दिवशी तिला रानात नेऊ नये. सपाट जागी, नेहमीच्या दुप्पट वजन जमिनीपासून चार बोटं वर टांगून ती रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी आसाजवळच्या वेल्डिंगवर तारेच्या ब्रशने घासून बारीक भेग आहे का ते पाहावं, दोन्ही चाकांच्या वरच्या आणि खालच्या काठांमधलं अंतर मोजून पाय फाकलेत का ते तपासावं, आणि दोन्ही ठीक असेल तरच पहिला ओंडका बांधावा.