व्रणासाठी घरचा लाल लाईट आणि क्लिनिकमधला लेझर: दोन्ही लाईटच, पण काम अगदी वेगळं

पिंपल्सचे खड्डे, टाक्यांची खूण, भाजल्याचा वण, असं काही असलं की आधी लेझरची चौकशी होते आणि मग तेवढा त्रास नको म्हणून घरी वापरायचा लाल एलईडी मास्क मागवला जातो, शेवटी दोन्हीत लाईटच तर आहे ना. घोळ इथेच होतो. व्रणांवरचं लेझर त्वचेला मुद्दाम मोजकी इजा करतं, लाल एलईडी इजा करतच नाही, आणि कुठला व्रण कशाने हलेल हे बरचसं याच्यावर ठरतं.

फ्रॅक्शनल सीओटू लेझर घ्या. त्याची वेव्हलेंथ (लाईटच्या लहरीची लांबी) १०,६०० नॅनोमीटर, हा लाईट पेशींमधल्या पाण्यात शोषला जातो, त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि त्वचेत बारीक बारीक उभी छिद्रं पडतात, मधली त्वचा मात्र शाबूत राहते आणि तिथूनच जखम भरायला सुरुवात होते. मग शरीर नवीन कोलॅजन, म्हणजे त्वचेला भरीव ठेवणारं प्रोटीन, बनवतं, हे काम पुढे काही महिने चालतं, म्हणून खड्डा उथळ होतो. पूर्ण भरत नाही, पण फरक दिसतो. बदल्यात लाली, सूज, खपल्या सहन कराव्या लागतात, आणि गव्हाळ-सावळ्या त्वचेवर नंतर काळपट डाग पडायची भीती जास्त असते, त्यामुळे मशीनचं सेटिंग कोण ठरवतंय हे मी सगळ्यात आधी विचारेन.

लाल एलईडी साधारण ६३० ते ६६० नॅनोमीटरचा, बऱ्याच मास्कमध्ये जोडीला ८३० किंवा ८५० चा न दिसणारा इन्फ्रारेड पण असतो. यात काही जळत नाही. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामध्ये, म्हणजे पेशीची ऊर्जा बनवणाऱ्या भागात, सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं, ते हा लाईट शोषतं, पेशीला ऊर्जा जास्त मिळते, सूज कमी व्हायला मदत होते असं मानलं जातं. गंमत म्हणजे या उपचाराची सुरुवात लेझरनेच झाली, १९६० च्या दशकात बुडापेस्टमध्ये एंड्रे मेस्टर यांनी उंदरांचे केस काढून त्यावर कमी ताकदीचा रुबी लेझर टाकला तर केस उलट लवकर उगवले. म्हणजे लाल लाईट आहे की लेझर आहे एवढं बघून भागत नाही, ताकद किती आणि त्वचेतलं काय तो लाईट शोषतंय हे बघायला लागतं.

मग घरच्या मास्ककडून अपेक्षा काय ठेवायची? जखम बंद झालीय पण खूण अजून ताजी, लालसर आहे, तर थोडी मदत होऊ शकते. वर्षानुवर्षं जुना खड्डा त्याने भरेल असं मला अजिबात वाटत नाही, कारण खाली चिकटलेला टिश्यू सोडवायची ताकद त्यात नाही, त्याला सबसिजनसारखी (सुईने तो टिश्यू खालून सोडवायची) प्रोसिजरच लागते. आरशासमोर एका बाजूने टॉर्च धरून बघा, सावली पडली तर तो खड्डा किंवा उंचवटा आहे, सावली नाही आणि नुसता रंग वेगळा आहे तर तो डाग आहे, आणि तपकिरी डागासाठी रोजचं सनस्क्रीन या मास्कपेक्षा जास्त कामाचं.

जास्त वेळ लावला की जास्त फायदा, असंही नाही. ३० मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटरचा मास्क १० मिनिटं लावला की दर चौरस सेंटिमीटरला १८ ज्यूलचा डोस होतो, आणि डोस एका मर्यादेपलीकडे गेला की परिणाम वाढायच्या ऐवजी कमी होतो, हे लॅबमध्ये पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणून मॅन्युअलमधली वेळ पाळा. डोळ्यांवर कव्हर हवंच, आणि रेटिनाचा आजार असेल किंवा उन्हाने त्वचा पटकन भाजेल अशी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

व्रण मूळ जखमेच्या बाहेर पसरत असेल, खाजत असेल, तर तो केलॉइड, म्हणजे वाढतच जाणारा उंच व्रण, असू शकतो. तिथे लाल लाईटवर महिने घालवू नका आणि नुसतं लेझरही करून घेऊ नका, नवीन इजेने तो अजून वाढू शकतो, स्किनच्या डॉक्टरांकडे जा, ते बहुतेक आधी व्रणातच स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवतील.