बाचीच्या पुढे रोमिंग का लागायचं?

बेळगावहून वेंगुर्ला रोडनं निघालं की बाची हे कर्नाटकातलं शेवटचं गाव. लगेच पुढे शिनोळी. तालुका चंदगड, जिल्हा कोल्हापूर. दूरसंचार खात्याच्या हिशेबात कर्नाटक हे एक सर्कल, म्हणजे सेवाक्षेत्र, महाराष्ट्र-गोवा दुसरं. रेडिओलहरींना ही हद्द कुठली दिसायला! अलीकडच्या शेतात उभं राहूनही पलीकडच्या टॉवरची रेंज पकडली जायची नि रोमिंगचे पैसे कापले जायचे.

यातली मेख जीएसएमच्या, म्हणजे सिमकार्डवाल्या मोबाइल तंत्राच्या, नियमात आहे. घरच्या नेटवर्कची रेंज गेली तरच फोन दुसरं धरतो. पण देशातल्याच परक्या नेटवर्कवर गेला, की घरचं नेटवर्क तो ठरावीक अंतरानंच शोधतो. हे अंतर सिममध्ये नोंदवलेलं असतं: किमान ६ मिनिटं, जास्तीत जास्त ८ तास. त्यामुळे माणूस गावात परतला तरी फोन काही वेळ महाराष्ट्रातच. सेटिंगमध्ये जाऊन हातानं नेटवर्क निवडणं, एवढाच उपाय.

त्याच काळात सीडीएमए हे दुसरं मोबाइल तंत्र बाजारात आलं. जीएसएममध्ये एका चॅनेलवर ८ जण आळीपाळीनं बोलतात. एकेकाची पाळी जेमतेम ०.५८ मिलिसेकंदांची. सीडीएमएत पाळीच नाही. सगळे एकाच वेळी, एकाच लहरपट्ट्यावर, फक्त प्रत्येकाचा कोड वेगळा. बेळगावात गणपत गल्लीच्या गर्दीत मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू एकदमच चाललेली असते, तरी आपली भाषा आपल्या कानाला बरोबर सापडते, तसंच हे. मात्र टॉवरजवळचा फोन मोठ्यानं ‘ओरडला’ तर लांबचे सगळे बुडतात. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला ८०० वेळा आवाज वाढव, कमी कर असं सांगत असतो. अभियांत्रिकी म्हणून मला हेच जास्त देखणं वाटतं.

तरीही सीमाभागात ते टिकणं अवघडच होतं. भारतात त्याची सुरुवात डब्ल्यूएलएल, म्हणजे तारेऐवजी रेडिओलहरींनी फोन देण्याच्या, परवान्यावर झाली, नि तो फोन साधारण एका तालुक्याएवढ्या हद्दीतच चाले. २००३च्या अखेरीस लँडलाइन नि मोबाइल दोन्हींसाठी एकीकृत परवाना आला, ते बंधन गेलं. पण सुरुवातीच्या बहुतेक सीडीएमए फोनमध्ये नंबर हँडसेटमध्येच कोरलेला. कार्डवाले फोन नंतर आले. इकडे शेत एका राज्यात, बाजार दुसऱ्यात, सोयरीक दोन्हीकडे. अशा माणसाला हवी होती दोन सिमं: एक कर्नाटकाचं, एक महाराष्ट्राचं. खिशातलं कार्ड काढा, दुसरं घाला. पुढे दोन सिमांचे स्वस्त फोन आले नि तीही खटपट गेली. आवाज जीएसएमचा स्वच्छ की सीडीएमएचा, हा वाद दुकानदारांनीच घालावा.

गंमत अशी, की जीएसएमवाल्यांनी थ्रीजीसाठी कोडचीच युक्ती उचलली. फोरजीत मात्र ती मागे पडली. तिथे लहरपट्टा शेकडो बारीक उपलहरींत वाटला जातो. २०१७च्या सुमारास देशांतर्गत रोमिंगचा आकारही गेला. सीडीएमए बंद झालं, पण त्याचा ८०० मेगाहर्ट्झजवळचा पट्टा वाया गेला नाही. कमी वारंवारतेच्या लहरी झाडीतून नि भिंतींतून १८०० किंवा ३५०० मेगाहर्ट्झपेक्षा बऱ्या पोचतात, म्हणून तोच पट्टा आता फोरजीला लागलाय.