करारनामा लिहिणारे यंत्र आणि मकरपुऱ्यातले तांबे

बडोद्याच्या परिसरात ट्रान्सफॉर्मर आणि विजेची अवजड यंत्रसामग्री बनविण्याचा उद्योग चांगलाच रुजलेला आहे आणि त्याच्या आधाराने मकरपुऱ्यासारख्या औद्योगिक वसाहतीत जॉबवर्क करणारे लहान कारखाने चालतात. मोठी कंपनी तांबे पाठविते. लहान कारखाना ते कापून, वाकवून, भोके पाडून बसबार (वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या) तयार करतो आणि माल पाठविल्याच्या चलनासोबत परत धाडतो. हा व्यवहार बहुतांशी परचेस ऑर्डर, फोन आणि जुनी ओळख यांच्यावरच चालत आला. आता मात्र दांडिया बाजारात राहणारा एखादा मराठी कारखानदार रात्रीचे जेवण उरकून मोबाइलवर चॅटजीपीटी किंवा जेमिनाय उघडतो, काय हवे ते चार ओळींत लिहितो आणि मिनिटभरात त्याच्यासमोर दहा-बारा पानांचा करारनामा येतो. भाषा घोटीव, कलमांना क्रमांक, शेवटी साक्षीदारांच्या सह्यांसाठी रेघासुद्धा!

करारनामे तयार करणारी सॉफ्टवेअर नवी नाहीत. जुन्या पद्धतीत वकिलांनी आधी पारखून ठेवलेला नमुना असे आणि संगणक प्रश्न विचारून त्यातल्या रिकाम्या जागा भरत असे. तीच उत्तरे दिली की दर वेळी तोच मजकूर निघे. चॅटजीपीटीसारख्या सेवांमागची आजची भाषा-प्रारूपे वेगळ्या तत्त्वावर चालतात. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी मांडलेली रचना (तिचेही नाव ट्रान्सफॉर्मर, पण तांब्याच्या वेटोळ्यांशी तिचा संबंध नाही) त्यांच्या मुळाशी आहे. आतापर्यंतच्या मजकुरातील प्रत्येक तुकड्याला किती महत्त्व द्यायचे हे आकडेमोडीने ठरवायचे, त्यावरून पुढचा तुकडा कोणता येण्याची शक्यता किती हे काढायचे आणि एक तुकडा निवडून पुढे सरकायचे, असे ते काम आहे. निवडीत थोडा यादृच्छिकपणा मुद्दाम ठेवलेला असतो, म्हणून तीच सूचना दुसऱ्यांदा दिली की कलमाचे शब्द बदलतात. पत्र किंवा निबंधात याने काही बिघडत नाही. करारात मात्र एका शब्दाने देणे-घेणे फिरते.

शक्यता कशावरून काढायची, हा खरा प्रश्न आहे. करार ही मुळात खासगी वस्तू आहे. आपल्याकडचे बहुसंख्य करारनामे कपाटांत, वकिलांच्या फायलींत आणि नोंदणी कार्यालयांत असतात. जगाला वाचायला खुले असे करारांचे मोठे भांडार म्हणजे अमेरिकेच्या रोखे नियामकाचा ‘एडगर’ हा संग्रह, कारण तेथील सार्वजनिक कंपन्यांना आपले महत्त्वाचे करार दाखल करावे लागतात. यंत्राला करार वाचायला शिकविण्यासाठी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘क्यूएड’ हा संच याच संग्रहातील ५१० करारांवर बेतलेला असून वकिलांच्या देखरेखीखाली त्यांतील कलमांवर ४१ प्रकारच्या खुणा केलेल्या आहेत. तेव्हा यंत्राने मकरपुऱ्यासाठी लिहिलेल्या करारात अमेरिकी कंपन्यांचा वास येतो याचे नवल नाही.

हा वास शैलीपुरता असता तर सोडून देता आला असता, पण त्याच्याबरोबर परका कायदाही नकळत आत येतो. काम सोडल्यानंतर दोन वर्षे कामगाराने स्पर्धकाकडे जाऊ नये, हे कलम अशा मसुद्यांत हमखास असते. अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत ते काही मर्यादेत चालते. भारतीय करार अधिनियम १८७२ चे कलम २७ मात्र व्यवसायाला आडकाठी करणारा करार त्या मर्यादेपुरता निरर्थक ठरविते आणि त्याला अपवाद फार थोडे आहेत. बडोद्याच्या वाचकांना याचे उदाहरण जवळचे वाटेल. बडोद्याच्या रणजी संघातून पुढे आलेल्या जहीर खानशी एका जाहिरात-व्यवस्थापन कंपनीने केलेल्या करारात अशी अट होती की, मुदत संपल्यावरही त्याने दुसऱ्याचा देकार स्वीकारण्यापूर्वी आधी त्याच कंपनीला तितकीच रक्कम देऊ करण्याची संधी द्यावी. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मुदतीनंतर चालू राहणारे असे बंधन कलम २७ पुढे टिकत नाही, असे मत न्यायालयाने २००६ मध्ये दिले. ते कलमसुद्धा कागदावर चांगले भारदस्तच दिसत असणार.

मराठीत सूचना दिल्याने आणखी एक पेच पडू शकतो. भाडेकराराविषयीचा मराठी मजकूर साहजिकच महाराष्ट्रातला असतो, त्यामुळे शेडच्या किंवा गोदामाच्या भाड्याचा कागद मराठीत मागितला की ‘लिव्ह अँड लायसन्स’ आणि त्यामागून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चे कलम ५५ त्यात डोकावू शकते. बडोद्यात त्या कायद्याला काही अर्थ नाही. १९६० मध्ये मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा १९४७ चा मुंबईचा भाडे कायदा दोन्हीकडे गेला. महाराष्ट्राने १९९९ मध्ये तो बदलला, गुजरातने मात्र आपल्या नावाने चालू ठेवला. म्हणून सूचनेत राज्य, शहर आणि कोणता कायदा लागू हे आधीच लिहावे. तेवढ्याने बरीच भेसळ टळते, सगळी नाही.

आता यंत्राने लिहिलेल्या जॉबवर्कच्या अशा एका करारातील दोन कलमे जवळून पाहू. चौथे कलम म्हणते, माल स्वीकारल्यापासून ६० दिवसांत पैसे दिले जातील. अकरावे कलम म्हणते, खरेदीदाराच्या तपासणी विभागाने प्रमाणपत्र दिल्यावरच माल स्वीकारला असे समजले जाईल. दोन्ही वाक्ये आपापल्या जागी निर्दोष आहेत, पण प्रमाणपत्र किती दिवसांत द्यायचे हे कुठेच लिहिलेले नाही. म्हणजे खरेदीदाराने ते दिलेच नाही तर ६० दिवसांची मोजणी सुरूच होत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराच्या बाबतीत ठरविलेली मुदत स्वीकृतीपासून ४५ दिवसांपुढे जाऊ शकत नाही, आणि माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर पोहोचल्याच्या दिवशीच तो स्वीकारला असे धरले जाते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. यंत्राने लिहिलेला हा करार लहान कारखानदाराच्या पदरात कायद्याने आधीच टाकलेले त्याच्याच हाताने काढून घेऊ पाहतो. कायदा त्याला वाचवील हे खरे, पण भांडायला उभे राहिल्यानंतर.

असे का होते? पुढचा तुकडा शोधणारे यंत्र अकरावे कलम लिहिताना चौथ्याकडे ‘लक्ष’ देते, पण दोन्ही एकत्र चालवून पैसे नेमके कोणत्या तारखेला मिळतील हे आपणहून तपासत नाही. लांब मजकुराच्या आरंभीची आणि शेवटची माहिती ही प्रारूपे चांगली वापरतात आणि मधली त्यांच्या हातून निसटते, असेही २०२३ मधील एका अभ्यासात दिसले होते. नवी प्रारूपे याबाबत सुधारली आहेत. तरीही अस्तित्वात नसलेल्या ७.२ क्रमांकाच्या कलमाचा हवाला देणारा मसुदा आजही पाहायला मिळतो.

आणि तांब्याचे काय? या धंद्यात कुरबुरी होतात त्या बहुधा घटीवरून. शंभर किलो तांबे आले, बसबार इतक्या किलोचे गेले, मधला छाट आणि चुरा कोणाचा, किती टक्के घट मान्य, वजन कोणाच्या काट्यावर? केंद्रीय जीएसटी अधिनियमाच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कला पाठविलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत आला पाहिजे, म्हणून हा हिशेब नीट ठेवणे दोघांनाही भाग असते. यंत्राच्या मसुद्यात अपरिहार्य आपत्तीवर पाऊण पान असेल. घटीवर, आपण सांगितल्याखेरीज, बहुधा एक ओळही नसेल, कारण असंख्य करारांच्या सरासरीत ती बसत नाही.

म्हणून माझ्या मते हे यंत्र लिहिण्यापेक्षा वाचण्याच्या कामी अधिक उपयोगी आहे. तयार मसुदा त्याच्यापुढे ठेवून ‘खरेदीदाराने मुद्दाम उशीर करायचा ठरविले तर पैसे जास्तीत जास्त किती दिवस अडकतील?’ असे विचारले, तर चौथ्या आणि अकराव्या कलमातली ती फट ते बऱ्याचदा बरोबर दाखविते. प्रश्न नेमका असला की दूरची कलमे एकत्र आणण्यास त्याला कारण मिळते. मात्र त्याने दिलेला कायद्याचा प्रत्येक हवाला मूळ अधिनियमात उघडून पाहावा. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधी झालेच नव्हते असे खटले न्यायालयात सादर केले आणि त्यांना व त्यांच्या संस्थेला मिळून ५,००० डॉलर दंड झाला. पक्षकारांची नावे, दर आणि रेखाचित्रांचे क्रमांक चॅटजीपीटीसारख्या सार्वजनिक सेवेत मसुदा टाकण्याआधी काढून घ्यावेत, हे सांगायला नकोच.

यंत्राने लिहिला म्हणून करार अवैध ठरत नाही. करार अधिनियमाचे कलम १० मुक्त संमती, पक्षांची पात्रता, वैध मोबदला आणि वैध हेतू पाहते. मसुदा कोणी केला हे विचारत नाही. पण कलम संदिग्ध निघाले, तर ते ज्याने करारात घातले त्याच्या विरुद्ध अर्थ लावण्याचे एक जुने तत्त्व आहे आणि विमापत्रांसारख्या छापील अटींबाबत आपली न्यायालये ते वापरतात. मसुदा ज्याच्या मोबाइलवरून आला, तोच तेथे लेखक मानला जाईल. मुद्रांक शुल्क कमी भरलेले असेल तर तो दस्त, कमी पडलेली रक्कम आणि दंड भरेपर्यंत, पुराव्यात घेतलाही जात नाही; ते किती लागते, हे सही करण्यापूर्वी गुजरात मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीत पाहून घ्यावे किंवा सरळ वकिलाला विचारावे.